माशांसाठी वीस लिटर पाणी

माझ्या बिअरला बँडेजचा वास येत होता.

हे मी म्हणत नाही. स्वतःबद्दल माझी मतं इतकी स्पष्ट नसतात. हे राजस म्हणाला. राजस म्हणजे दोन घरं सोडून राहणारा आमचा मित्र, मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याला मत विचारावं लागत नाही. मी घरी बनवलेल्या बिअरचा ग्लास त्याने नाकाशी धरला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सिद्धेश, यार, लहानपणी गुडघा फुटला की आई पट्टी बांधायची ना, तिची आठवण झाली." मग उरलेली बिअर त्याने डेकवरच्या कुंडीत ओतली. पुढच्या आठवड्यात त्या कुंडीतल्या झाडाचं काही खरं राहिलं नाही, पण तो उन्हाचाही परिणाम असू शकतो.

मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावाजवळ, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. एखादा ब्रेक का करकरतो याचं मूळ कारण शोधून त्यावर चाळीस पानी रिपोर्ट लिहिणं, हे माझं पोटापाण्याचं काम. अशा माणसाला स्वतःच्या तळघरातल्या वीस लिटर बिअरला पट्टीचा वास का येतो हे सापडू नये, ही गोष्ट मनाला लागते. पहिल्या खेपेला मी बादलीला दोष दिला, दुसऱ्या खेपेला यीस्टला. दोन्ही खेपा सिंकमध्ये गेल्या. आणि अपमानाच्या भरात मी राजसला सांगून बसलो की जुलैत तुझा चाळिसावा वाढदिवस आहे ना, त्याची बिअर माझ्याकडून. प्रीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "केक आणतो म्हणायचं होतंस."

बरंच वाचल्यावर लक्षात आलं की दोष बादलीचा नाही, यीस्टचाही नाही, पाण्याचा असू शकतो. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणीच असतं. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण नव्वद टक्के दोष नळाला पाणी पुरवणाऱ्या टाऊनशिपकडे गेला.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडला नगरपालिकेच्या फिल्टर हाऊसवर ते तेहतीस वर्षं केमिस्ट होते. नदीचं पाणी उपसायचं, तुरटी टाकून गाळ बसवायचा, क्लोरीन द्यायचा, गावाच्या नळात सोडायचं आणि हे सगळं करून गावाच्या शिव्या खायच्या, असं ते काम. संध्याकाळी सायकल लावून ते घरात आले की आई त्यांच्यापुढे नळाच्या पाण्याचा पेला ठेवायची आणि विचारायची, "कसंय आजचं?" अण्णा एक घोट तोंडात घोळवायचे आणि निकाल द्यायचे. "चालेल." "गढूळ." "क्लोरीन जास्त आहे." वर्षातून एकदोनदा, "गोड." आई मान हलवायची आणि चहा ठेवायला जायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच विचारतात.

आई जाऊन दीड वर्ष झालं. मे महिन्यात मी अण्णांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आलो, आणि आल्यापासून ते सोफ्याच्या उजव्या टोकाला बसून होते. जेवायला बसायचं? "बसू." टीव्ही लावू? "लाव." बंद करू? "कर." पाणीसुद्धा गोळी गिळण्यापुरतं प्यायचे. आमची बारा वर्षांची आन्या शेजारी बसून मराठी बोलायचा मनापासून प्रयत्न करायची आणि शेवटी हळूच विचारायची, "आजोबा, आर यू ओके?" ते म्हणायचे, "हो गं." तिसऱ्या आठवड्यात ते पहिलं सलग वाक्य बोलले: "माझं तिकीट जुलैतलं करून टाक. कुंड्यांना पाणी घालायला कुणी नाही."

कुंड्या चार होत्या आणि शेजारच्या वहिनी त्यांना रोज पाणी घालत होत्या. मला दिसत होतं की अण्णा परत जातील आणि तिथल्या रिकाम्या घरात तिथल्या सोफ्याच्या उजव्या टोकाला बसतील. मला ते नको होतं. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं, पण आमच्या घरात कुणी कुणाला राहा म्हणत नाही. फार तर जाताना छत्री ने म्हणतात. म्हणून मी म्हणालो, "एअरलाइनची वेबसाइट चालत नाहीये, अण्णा."

हे कारण दहा दिवस टिकलं. अण्णा रोज सकाळी विचारायचे, "चालू झाली का?" शेवटी मी हरलो आणि तिकीट बदललं. एकोणीस जुलै, रविवार, दुपारचं विमान. अण्णा म्हणाले, "बरं झालं." मी म्हणालो, "हो ना." आणि दोघंही टीव्हीकडे बघत बसलो. टीव्ही बंद होता.

इथे एक कबुली. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि मी बिअर पितो हे माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. यात हसण्यासारखं काही नाही, आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच आहे. पोरगा इथे येतो, घर घेतो, त्याच्या दाढीत पांढरे केस दिसू लागतात, पण आईवडील विमानात बसले की त्याच्या फ्रिजमधल्या बाटल्या शेजाऱ्याकडे जातात. मार्चमध्ये राजसच्या बाटल्या आमच्याकडे होत्या, मे महिन्यात आमच्या त्याच्याकडे गेल्या. बाटल्या हलवता येतात. तळघरातलं मोठं पातेलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं, माल्टचं पोतं एवढं सगळं कुठे हलवणार? मी त्यापुढे खिळ्याला जुनी शाल टांगली आणि अण्णा जिने उतरत नाहीत या भरवशावर राहिलो.

तिकीट बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी तळघरात नळाच्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात नाक घालून उभा होतो. जिन्यावर चपलांचा आवाज झाला.

"काय करतोयस?" अण्णा मधल्या पायरीवर उभे होते.

त्या क्षणी मला काहीही सांगता आलं असतं. गळती शोधतोय, कपडे भिजवतोय, व्यायाम करतोय. माझ्या तोंडातून निघालं, "पाणी तपासतोय." म्हणजे जी थाप पकडू शकेल असा संपूर्ण मिशिगन राज्यात एकच माणूस होता, ती मी नेमकी त्यालाच मारली.

अण्णा एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "का? पाण्याला काय झालं?"

पाच आठवड्यांत त्यांनी विचारलेला तिकिटाव्यतिरिक्तचा हा पहिला प्रश्न होता. मी म्हणालो, "वास येतोय." अण्णा उरलेल्या पायऱ्या कठडा न धरता उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, एक घोट तोंडात घोळवला आणि सिंकमध्ये थुंकले. "क्लोरीन आहे. पण नुसता नाही, यात अमोनिया मारलाय. नुसता क्लोरीन पाणी उघडं ठेवलं की उडून जातो, हा हटत नाही." त्यांनी हात शर्टाला पुसले. "तपासायचं तर नीट तपास. हुंगून काय कळणार? वर चल. सहा पेले काढ."

त्या दिवसापासून आमचं डायनिंग टेबल गेलं. प्रीताचे लग्नातले सहा काचेचे पेले ओळीने मांडले गेले आणि प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात आकडा चिकटला. एक नंबर, नळाचं पाणी जसंच्या तसं. दोन नंबर, रात्रभर उघडं ठेवलेलं. तीन नंबर राजसचा, कारण तो म्हणाला होता, "उकळ ना यार, सिंपल आहे." पाच नंबर फ्रिजच्या फिल्टरचं. चार नंबर मीनाक्षीकाकूंचा. या काकू समोरच्या घरी मुलाकडे असतात आणि गल्लीतल्या सगळ्या आजारांवर त्यांच्याकडे उपाय असतो. त्यांनी रस्ता ओलांडून तांब्याचा हंडा आणून दिला आणि बजावलं, "रात्रभर ठेव आणि वर तुळशीचं पान टाक. कशासाठी हवंय पाणी?" मी म्हणालो, "पिण्यासाठी." हे खोटं नव्हतं.

सहा नंबरचा पेला अण्णांचा. "व्हिटॅमिन सी क्लोरीनला मारतं," ते म्हणाले. मी आन्याची गोळी टाकली. गोळी संत्र्याच्या स्वादाची होती. पाणी सरबतासारखं केशरी झालं आणि आम्ही स्विमिंग पुलाच्या दुकानातून आणलेल्या पाणी तपासायच्या कागदी पट्टीवर कुठला रंग उमटलाय हेच कळेना. अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी यापूर्वी दहावीच्या गणिताच्या पेपरानंतर पाहिली होती. "बिनरंगाची पावडर आण," ते म्हणाले.

पावडर आणली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. पहिल्या चारही पेल्यांत पट्टीचा रंग जवळपास सारखाच. राजसचं उकळलेलं, काकूंचं हंड्यातलं, काही फरक नाही. पाच नंबर थोडा फिका. सहा नंबरची पट्टी पांढरी, कोरी. अण्णांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले. आम्ही आता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने जेवत होतो. प्रीता यावर काही बोलेल म्हणून मी तयारीत होतो, पण ती हळूच एवढंच म्हणाली, "आज त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या."

माझं काम खरं तर इथेच संपलं होतं. चिमूटभर व्हिटॅमिन सी टाकायचं आणि बिअर करायची. पण अण्णांचं संपलं नव्हतं. "पट्टीवर विश्वास ठेवू नये. इथल्या फिल्टर हाऊसला फोन लाव आणि रिपोर्ट माग," ते म्हणाले आणि समोर वही-पेन घेऊन बसले.

फोन स्पीकरवर लावला. एक दाबा, तीन दाबा, मग पंचवीस मिनिटं बासरी. शेवटी एक बाई आल्या, अत्यंत गोड आवाजाच्या. पाण्यात क्लोरीनबरोबर अमोनिया आहे का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "शुअर, हनी. इज इट फॉर डायलिसिस, फिश टँक ऑर होम ब्रूइंग?"

अण्णांचं पेन थांबलं. ते माझ्याकडे बघत होते.

"फिश," मी म्हणालो.

बाईंनी ते नोंदवून घेतलं. पाण्याला वास येत असल्याची तक्रार आली की घरी माणूस पाठवायचा असा टाऊनशिपचा नियम आहे, त्यामुळे बुधवारी माणूस येईल, म्हणाल्या. माझी तक्रार नाहीये, मला नुसती माहिती हवीय, असं मी तीनदा सांगितलं. त्यावर त्यांनी तक्रार क्रमांक दिला.

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "आपल्याकडे मासे आहेत?"

"आणायचेत," मी म्हणालो.

जिन्यावरून किंकाळी ऐकू आली. आन्या दोन वर्षं मासे मागत होती आणि आम्ही दोन वर्षं नाही म्हणत होतो. "डॅड! आर यू सिरियस?" मी होतो. मला व्हावंच लागलं.

मंगळवारी संध्याकाळी दोन सोनेरी मासे, एक काचेची टाकी आणि तळाला टाकायचे निळे खडे घरी आले. मी घाईघाईने नळाखाली टाकी भरली आणि माशांची पिशवी उलटी करणार तेवढ्यात अण्णा ओरडले, "थांब! मारशील त्यांना!" ते ओरडले, याचंच मला इतकं बरं वाटलं की मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो. त्यांनी माशांच्या औषधाची बाटली घेतली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे, हा तर हायपो, क्लोरीन मारायचा! तपासणीच्या नमुन्याच्या प्रत्येक बाटलीत याचा थेंब टाकायचो मी." थेंब मोजून टाकले, पट्टीने तपासलं, मग मासे सोडले. आन्या शेजारी गुडघ्यांवर बसून बघत होती. "आजोबा, व्हॉट्स पीपीएम?" तिने विचारलं, आणि दहा लाख भागांत एक भाग म्हणजे किती, हे अण्णांनी तिला चाळीस मिनिटं सांगितलं. माशांची नावं पीपी आणि एम ठेवली गेली.

बुधवारी टाऊनशिपचा माणूस आला. त्याचं नाव डग. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, निळा सदरा, मोठे बूट. त्याने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. अण्णा माझ्या कानाशी कुजबुजले, "दोन मिनिटं सोडून मगच नमुना घेतोय. माणूस शिकलेला आहे." डगने छोट्या नळकांड्यात पाणी घेऊन पावडर टाकली. पाणी गुलाबी झालं. अण्णा पुढे सरसावले. "इन इंडिया, यलो," ते म्हणाले. डगने त्यांच्याकडे पाहिलं. "ओल्ड मेथड! यू वर्क्ड इन वॉटर, सर?" अण्णांनी बोटांनी दाखवलं, तेहतीस वर्षं. त्यानंतर मी तिथे नव्हतोच. पीएच, टर्बिडिटी, बॅकवॉश, ॲलम डोस, एवढ्या शब्दांवर दोघांचं जे सुरू झालं त्यात दुभाष्याची गरज पडली नाही. माशांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग डग म्हणाला, "तुमचं मीटर तळघरात असेल ना?"

मीटर तळघरातच होतं. शालीच्या मागे. मी पुढे धावलो, पण डगचे पाय लांब होते, आणि शाल खिळ्यावर जेमतेम लटकत होती, ती त्याच्या खांद्याला लागून खाली आली. पातेलं, वेटोळं, पोतं, सगळं उघडं. डगचा चेहरा फुलला. "ओह, यू ब्रू!"

"नो, नो," मी म्हणालो. "फिश."

डगने पातेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मागे जिन्यावर उभ्या असलेल्या अण्णांकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. तोही कुणाचा तरी मुलगा असावा. "राइट," तो गंभीरपणे म्हणाला. "फिश." आणि वाकून मीटरचा आकडा लिहू लागला.

जाताना त्याने अण्णांना गुरुवारी पाण्याचा प्लांट बघायला बोलावलं. त्यासाठी टाऊनशिपचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. कंपनीचं नाव रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे जाईना. निवृत्त असा पर्याय नव्हता. अण्णांनी मला लिहायला लावलं: नगरपालिका, पाणीपुरवठा विभाग. मग फॉर्मने वरिष्ठांचा फोन नंबर मागितला. "साहेब वारले," अण्णा म्हणाले. फॉर्मला ते चालेना. शेवटी डगला फोन केला, तो म्हणाला माझं नाव टाका. भेटीचं कारण या रकान्यात तीन पर्याय होते: कंत्राटी काम, मालाची पोच, तपासणी. मी विचार करत होतो तोवर अण्णांनी स्वतः बोट पुढे करून दाबलं, तपासणी.

गुरुवारी ते घोटून दाढी करून आणि इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून गेले. तासाभरात परततील म्हणून मी गाडीत थांबलो होतो. तीन तासांनी आले ते टाऊनशिपची टोपी घालून. वाटेत म्हणाले, "त्यांच्याकडे तुरटी बसायला आमच्यापेक्षा वेळ लागतो. पाणी थंड ना." आणि आणखी थोड्या वेळाने, "पुढच्या गुरुवारी बोलावलंय."

गुरुवार ठरूनच गेला. आणि मला बिअर करायला अण्णा घरात नसतील असा दिवस हवाच होता. डग त्यांना सकाळी न्यायला येई, आणि एका गुरुवारी मी सुट्टी टाकून तिसरी खेप चढवली. माल्ट उकळल्याचा वास झाकायला प्रीताने दोन किलो कांदा परतला. पाणी मात्र अण्णांनी तयार केलेलं होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं होतं, "माशांचं पाणी बदलायला वीस लिटर लागेल." दोन बोटांएवढ्या माशांना वीस लिटर कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. व्हिटॅमिन सी मोजून टाकलं, ढवळलं, पट्टी बघितली. मग खिशातून एक पुडी काढली आणि चहाचा चमचाभर पांढरी पूड त्यात सोडली. "जिप्सम," ते म्हणाले. "माशांना बरं असतं."

मी म्हणालो, "अच्छा." मूळ कारण शोधण्याचा पगार घेणारा माणूस मी.

दिवस जात होते. अण्णा सोफ्याच्या मधोमध बसू लागले होते. आन्याबरोबर रोज टाकीचं पाणी तपासायचे, तिने वहीत आकडे लिहायचे, त्यांनी सही करायची. पण तिकिटाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही. मला वाटायचं त्यांना खरंच जायचं असेल, कराडची ओढ असेल, आपण उगाच मध्ये कशाला बोला. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी बॅग काढायला सांगितली. मी काढून दिली, आणि गॅरेजमध्ये जाऊन उगाचच दोन खोकी इकडची तिकडे केली. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि हातात खोकी होती.

अठरा तारखेला, शनिवारी दुपारी, राजसचा वाढदिवस झाला. बिअरचं पिंप चादरीत गुंडाळून मी सकाळीच त्याच्या गॅरेजमध्ये पोचवलं होतं. व्यवस्था नेहमीची: गॅरेजमधून लाल कप भरून बाहेर आणायचे, आणि वडीलधाऱ्यांनी विचारलं तर ॲपल ज्यूस. अण्णा मेपलच्या सावलीत खुर्चीवर बसले होते, शेजारी मीनाक्षीकाकू. अण्णांच्या डोक्यावर टाऊनशिपची टोपी होती. बॅग घरी भरून, वजन करून ठेवली होती.

राजसने पहिला घोट घेतला. डोळे मिटले.

"पट्टी नाही," तो म्हणाला. आणखी एक घोट घेतला. "यार सिद्धेश, धिस इज गुड. नाही, सिरियसली, धिस इज रिअली गुड!" तिसऱ्या कपानंतर तो अंगण ओलांडून थेट अण्णांकडे गेला आणि भावनेच्या भरात त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्हाला सांगतो, तुमच्या मुलाने जी काय बिअर..."

तो थांबला. अंगण थांबलं. मीनाक्षीकाकूंनी ढोकळ्यात लक्ष घातलं. मी हातातला कप पाठीमागे नेला, चव्वेचाळीसाव्या वर्षी.

अण्णांनी टोपी जरा मागे सरकवली. "कडवटपणा उठलाय का पण?" त्यांनी राजसला विचारलं. "जिप्समनं उठायला हवा."

राजसला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "हो काका, मस्त उठलाय." अण्णांनी समाधानाने मान हलवली. "डग म्हणाला होता तसंच प्रमाण घेतलं मी."

थोड्या वेळाने लोक पांगले, केककडे गेले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. कुठे बघावं कळेना.

"तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

"पहिल्याच दिवशी. तळघरात आलो तेव्हा. तुझी शाल आखूड होती. पोत्यावर फूटभर अक्षरात माल्ट लिहिलेलं. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण चार अक्षरं वाचता येतात मला."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा मुलांच्या खेळाकडे बघत राहिले. आन्या कुणाला तरी पीपीएम समजावून सांगत होती.

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "तू पाण्याचं विचारत होतास. तुझी आई गेल्यापासून मला कुणी पाण्याचं विचारलं नव्हतं. म्हटलं, बिअर तर बिअर."

आता राहा म्हणायला हवं होतं, एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती, आणि ते दोन अक्षरी काम मला तेव्हाही जमलं नाही. मी उठलो. राजसच्या स्वयंपाकघरात गेलो, त्याच्या कपाटातून स्टीलचा पेला शोधला, नळ दोन मिनिटं सोडला, पेला भरला आणि बाहेर येऊन अण्णांच्या पुढ्यात धरला.

"कसंय आजचं?" मी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेला घेतला, एक घोट तोंडात घोळवला, गिळला, आणि उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं, सगळं.

"क्लोरीन जास्त आहे," ते म्हणाले. "गुरुवारी डगला सांगतो."

विमान दुसऱ्याच दिवशी होतं, रविवारी, एकोणीस तारखेला. तिकीट पुन्हा बदलायला मी तिथेच खिशातून फोन काढला. एअरलाइनची वेबसाइट व्यवस्थित चालू होती.